पाऱ्यावर तरंगणारं लोखंड

बातमी आली तेव्हा मी पाटोद्याच्या बाजारात न्हाव्यापुढे उकिडवा बसलो होतो आणि माझी अर्धी दाढी झाली होती. बीडहून आलेल्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर टायर बघायला खाली उतरला, त्यानं मला ओळखलं आणि तिथूनच हाक दिली, "मालक, उमापूरच्या जिनातनं निरोप हाय. तुमचा मिस्त्री गेला." वस्तरा माझ्या गळ्यावर होता. मी तसाच उठलो. न्हावी म्हणाला, "बसा की, मान जाईल." माझ्या तोंडून मात्र एकच प्रश्न निघाला, "आग लागली का?" ड्रायव्हरनं वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "आग कावून लागंल? आजारी व्हता म्हणत्यात, लई दिसापासून." मी खाली बसलो ते न्हाव्याच्या पाण्याच्या वाटीतच. गेली कित्येक वर्षं जिनाकडून कुणी घाईनं येताना दिसलं की माझ्या तोंडी हाच प्रश्न येतो. तो मुळात माझा नव्हे. लिंबाजी मिस्त्रीनं तो मला दिला, आणि आता तो परत घ्यायला मिस्त्रीच राहिला नाही...

उरलेली दाढी तशीच ठेवून मी निघालो. मोटार वाटेत दोनदा बसली, गेवराईपुढे बैलगाडी केली, आणि उमापूरला पोचलो तो राख सावडायच्या दिवशी. नदीवर माणसं जमली होती. एक गाल गुळगुळीत आणि एक गाल काळाभोर असा मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो, तेव्हा काहींना वाटलं ही आमच्याकडची सुतकाची काही रीत असेल. एका म्हाताऱ्यानं तर आदरानं मान हलवली. मिस्त्रीची बहीण गया राखेपाशी बसली होती. तिनं वर बघितलं, माझे दोन्ही गाल न्याहाळले आणि म्हणाली, "मालक, पाटुद्यात आरसा मिळत न्हाई का?" आणि मग आम्ही दोघंही रडलो.

आमचं जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, माझ्या काकांचं. उमापूरच्या बाहेर पत्र्याच्या शेड, मधे अंगण, कोपऱ्यात तेलावर चालणारं इंजिन. मला तिथं मॅनेजर म्हणत, कारण मला दुसरं काय म्हणावं हे कुणाला सुचत नव्हतं. मॅट्रिकच्या परीक्षेला मी इतक्या वेळा बसलो होतो की परीक्षेचा शिपाई मला सलाम करायचा. तेव्हा काकांनी मला यंत्रांवर नेमलं. यंत्रं तोंडानं तक्रार करीत नाहीत, एवढाच त्यामागे विचार. सरकी काढण्याआधी कापूस मोकळा करावा लागतो. त्यासाठी अंगणापलीकडच्या शेडमध्ये ओपनर नावाचं यंत्र होतं. आत खिळ्यांचा मोठा ढोल गरगर फिरतो, एका तोंडानं बाया कापूस घालतात, दुसऱ्या तोंडानं तो फुलून बाहेर पडतो. इंजिनाचा पट्टा तिथवर पोचत नव्हता, म्हणून काकांनी इंजिनाला डायनामो जोडला, तारा ओढल्या आणि ओपनरला विजेची मोटार बसवली. मोटार चालू-बंद करायला शेडच्या आतल्या भिंतीवर एक उघडा खटका होता: तांब्याचं पातं आणि लाकडी मूठ. पातं ओढलं की चटकन निळी ठिणगी उडायची. आमच्या भागात वीज कुणी पाहिलेली नव्हती. पाहुणे यायचे, आणि मी त्यांना जेवणाआधी ती ठिणगी दाखवायचो. उगाच पुन्हापुन्हा खटका ओढायचो. बाया तोंडाला पदर लावायच्या, पाहुणे वाहवा करायचे, आणि मी जणू आभाळातली वीज घरी पाळली आहे अशा थाटात उभा राहायचो.

लिंबाजी नवा फिटर म्हणून आला तो नेमका अशाच वेळी. गोदाकाठच्या कुठल्याशा जिनातून आला होता. सडपातळ, मोठाल्या डोळ्यांचा, बगलेत हत्यारांची पिशवी. मी खटका ओढला, ठिणगी उडाली आणि तो दारातच मटकन खाली बसला.

"मालक, त्ये परत करू नका."

"का बे, भ्यालास?"

"व्हय," तो म्हणाला.

भ्यालो असं इतक्या सरळ सांगणारा पुरुष मी तोवर बघितला नव्हता. पाहुणे हसायचे थांबले. लिंबाजीनं बोट वर केलं. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा आत पडला होता आणि त्यात रुईची तूस तरंगत होती, दाट, संथ, पाण्यात साबण मिसळावा तशी. "जिमिनीवरचा कापूस मागनं पेटतो, मालक," तो म्हणाला. "आदी ह्ये पेटतं. हवाच पेटती. पळायला जागा राहत न्हाई, कारन ज्यात पळायचं तेच पेटल्यालं आसतं." पाहुण्यांपैकी एक जण हळूच बाहेर गेला. जेवताना कुणाला नीट घास उतरला नाही, आणि काका मला म्हणाले, हा फिटर कुणी आणला.

मिस्त्री कशाला भीत नव्हता हे सांगणं सोपं. कठडा नसलेल्या विहिरीजवळून जायचा नाही. आभाळ गरजलं की हातातलं लोखंड टाकून द्यायचा. पोलिसांच्या अमीनसाहेबांचा घोडा गावात शिरला की मिस्त्री इंजिनाच्या मागे. कुठंही बसला तर दाराजवळ, पाठ भिंतीला, तोंड बाहेर. सकाळी जिनाच्या फाटकात उभा राहून तो गड्यांच्या बिड्या-काड्या काढून घ्यायचा, आणि एवढ्यावर न थांबता प्रत्येकाचं तोंड हुंगायचा. "मिस्त्री, मुका घेतो काय बे?" असं कुणी म्हटलं की सगळे हसायचे, त्याला हसू यायचं नाही. आम्ही त्याची फार चेष्टा केली. मी तर एकदा त्याच्या मागे उभा राहून कागदाची पिशवी फोडली. तो बेशुद्ध पडला आणि त्याला शुद्धीवर आणताना पाण्याचा हंडा माझ्याच पायावर पडला, म्हणून आठवडाभर लंगडत होतो. माझ्या खोड्यांचा निकाल बहुधा असाच लागतो.

पण भीतीनं माणूस पळतो तसा तो पळाला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तो त्या खटक्यासमोर बसून राहायचा. त्याची विधवा बहीण गया ओपनरच्या तोंडाशी कापूस घालायचं काम करी. त्यानं तिला पुष्कळ सांगितलं की तू शेतावर जा, खुरपं धर. ती म्हणाली, "तू आत हायेस तवर मी बी आत हाय. लई भ्या वाटत आसंल तर कायतरी कर." तिचं हे वाक्य त्यानं मनावर घेतलं.

"ठिणगी मारता येत न्हाई, मालक," एक दिवस तो म्हणाला. "तिला घर द्यायचं. काचंचं. आत काय धिंगाना घालायचाय त्यो घालू दे."

"आणि खटका ओढायचा कसा? काचेत बोट घालून?"

"हितंच तर आडलंय. हात भाईर, खटका आत." मग त्यानं पिशवीतून मोडक्या मोटारगाडीच्या, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोतला लोहचुंबक काढला, घोड्याच्या नालासारखा वाकवलेला. माझ्या पितळी ताटात खिळा ठेवला आणि ताटाखाली लोहचुंबक फिरवला. खिळा ताटभर नाचू लागला. "ह्येचा हात काचंतनं आत जातो. आता आत कोन बसवायचं, तेवढंच ऱ्हायलं."

आत त्यानं पारा बसवला. काचेची उभी नळी, तळाशी पारा. एक तार पाऱ्यात बुडालेली, दुसरी पाऱ्याच्या जरा वर अधांतरी. आणि पाऱ्यावर लोखंडाचा एक तुकडा तरंगत ठेवायचा. नळीखाली लोहचुंबक आणला की तो लोखंडाला खाली खेचतो. घागरीत तांब्या दाबला की पाणी काठाला येतं, तसा पारा वर चढतो, अधांतरी तारेला लागतो आणि वीज वाहू लागते. लोहचुंबक काढला की लोखंड वर, पारा खाली, वीज बंद. ठिणगी उडायची ती नळीच्या आत उडेल आणि तिथंच मरेल. हे सगळं मी आज शहाण्यासारखं लिहितो आहे. त्या दिवशी मी काकांकडे जाऊन एवढंच सांगितलं, की लोखंड तरंगतं असं म्हणणाऱ्या माणसाच्या हाती तुम्ही जिन दिलं आहे.

पारा आणायला आम्ही नगरला गेलो. तिकडे इंग्रजांचा अंमल, इकडे आपल्या निजामाचा. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. येताना भर दुपारी नाक्यावरच्या मुन्शीनं माझी पिशवी तपासली आणि पाऱ्याची बाटली उचलली, ती त्याच्या हातून निसटतानिसटता राहिली. "ये क्या है जी? इत्तीसी शीशी, और इत्ता वजन?" मिस्त्री माझ्या मागे लटपटत होता. "और ये आदमी काँपता कायकू?" मी म्हटलं, "साब, ये हमेशा काँपता है." खरं तेच सांगितलं, पण त्यानं काम बिघडलं. मुन्शीनं बूच काढलं, आत चांदीसारखं काही हललं आणि त्यानं दार लावून घेतलं. त्याला वाटलं आम्ही किमयागार आहोत, पाऱ्याचं सोनं करणारे. आता सोनं करून दाखवा म्हणाला, नाहीतर चौकीवर चला. चौकी हा शब्द ऐकून मिस्त्री भिंतीला टेकला. मला अशा वेळी गप्प बसता येत नाही. यात काही जादू नाही हे दाखवायला मी तळहातावर थोडा पारा घेतला, इकडून तिकडे खेळवला आणि शाळेतलं सगळं उर्दू पणाला लावून व्याख्यान सुरू केलं. व्याख्यान रंगात आलं असताना मुन्शी एकदम मागे सरकला. माझ्या बोटातली सासऱ्यांनी दिलेली सोन्याची अंगठी पांढरीफटक झाली होती. पारा सोन्याला लागला की असं होतं हे मला ठाऊक नव्हतं, मुन्शीलाही नव्हतं. सोनं करणारे लोक त्यानं ऐकले होते, सोन्याची चांदी करणारे पहिल्यांदाच बघितले. त्यानं आपली अंगठी मुठीत दडवली, मूठ पाठीमागे नेली आणि म्हणाला, "ले जाओ जी. इसको यहाँ से ले जाओ." आम्ही सुटलो. मिस्त्री पाटोद्यापर्यंत बाटली छातीशी धरून बसला आणि मी घरी काय सांगायचं या काळजीत होतो.

अंगठी त्यानंच पूर्ववत केली. जिनात एक लहान खोली त्याला दिली होती. त्यात शेगडी होती, आणि उघड्या विस्तवाला बाहेरची तूस लागू नये म्हणून तो दार-खिडकी घट्ट बंद करून फटींत ओल्या चिंध्या कोंबायचा. लोखंडी पळीत अंगठी ठेवून त्यानं ती तापवली. पारा उडून गेला आणि सोनं परत पिवळं झालं. आम्ही दोघं पळीवर डोकं वाकवून बघत होतो. तेव्हा त्यानं मला गोदाकाठच्या त्या जिनाची गोष्ट सांगितली. तिथंही असाच खटका होता. सुटीची वेळ झाली म्हणून त्यानंच तो ओढला.

"आत बाया व्हत्या," तो म्हणाला.

"किती?"

त्यानं पळी खाली ठेवली आणि फटींतल्या चिंध्या पुन्हा एकदा चाचपून बघितल्या.

पहिल्या नळ्या फुकट गेल्या. तांब्याच्या तारा पाऱ्यानं खाल्ल्या, मग त्यानं लोखंडाच्या घातल्या. काचेतून तार नेली की थंड होताना काच तडकायची; मग त्यानं कासाराकडून लाख आणून नळीचं तोंड लाखेनं बंद केलं. पारा मळला की फडक्यातून गाळायचा, शेगडीवर तापवायचा. दिवसदिवस त्या बंद खोलीत असायचा. शेवटी एक नळी टिकली. त्यानं ती लाकडी पेटीत बसवून भिंतीच्या फळीवर लावली, समोर काच, म्हणजे लोखंड वर की खाली हे दिसावं. नळीखाली बिजागरीवर एक लाकडी हात, हाताच्या टोकाला लोहचुंबक. हात वर करून खिट्टी लावली की मोटार चालू. खिट्टीला एक लांब दोरी. ती शेडभर भिंतीकडेनं फिरवलेली. कुठूनही कुणीही ती ओढली की खिट्टी निघायची, हात आपल्या वजनानं खाली पडायचा आणि मोटार बंद. फिरता ढोल थांबायला इंजिन बंद करून चालत नाही, त्याचं जड चाक कितीतरी वेळ फिरत राहतं. दोरी मात्र त्या क्षणी काम करायची. त्यानं नियमच घातला: रोज सकाळी आधी दोरी ओढायची, लोखंड वर आलेलं डोळ्यांनी बघायचं, मग काम. ठिणगी गेली. मला पाहुण्यांना दाखवायला काही उरलं नाही आणि याचं मला वाईट वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याला आमच्या हंगामाचा मुहूर्त, आदल्या दिवशी हत्यारांची पूजा. नवं यंत्र म्हणून पूजा त्या फळीपुढेच मांडायची असं मी ठरवलं. इंजिन बंदच होतं, म्हणून मांडणी नीट दिसावी यासाठी लाकडी हात वर करून खिट्टी लावून ठेवली. घरून पणजोबांची तलवार आणली. पणजोबांनी ती कुठल्या लढाईत चालवली हे मी पाहुणा बघून सांगत असे. खरं म्हणजे ते तिनं नारळ फोडायचे. ती मी फळीला टेकवायला गेलो, आणि टक् असा आवाज होऊन तिचं पातं लोहचुंबकाला चिकटलं. मी हात सोडला तरी तलवार उभीच. मला कोण आनंद झाला. सगळ्यांना बोलावून दाखवलं. बायांनी हात जोडले, गयानं हळदकुंकू वाहिलं, गड्यांनी आपापले कोयते, नट पिळायचे पाने, खुरपी आणून भोवती रचली. त्यातलीही काही टकटक चिकटली. घसरू नयेत म्हणून मी तलवार लाल दोऱ्यानं फळीला बांधली आणि वर झेंडूचे हार चढवले. मिस्त्री इंजिनघरातून आला आणि दारातच थांबला.

"तिथलं लोखंड काढा, मालक."

"अरे, पूजा झाली. आता दसऱ्याशिवाय हात लावायचा नाही, तुला ठाऊक आहे."

तो पुढे आला, हात उचलला आणि हळदकुंकवाकडे बघून तसाच खाली घेतला. पुढे कधीतरी तो मला म्हणाला होता, "तवा द्येवाला भ्यालो. एका भीतीनं दुसरी खाल्ली."

दसऱ्याला सकाळी पाहुणे आले, मुहूर्ताची घाई झाली. कोयते उचलले, खुरपी उचलली. तलवार मात्र पाहुण्यांनी बघावी म्हणून राहिली, आणि हार तुटतील म्हणून दोरी कुणी ओढली नाही. मिस्त्री इंजिन चालू करून धावत आला तोवर काकांनी नारळ फोडला होता आणि लाकडी हात वरच असल्यामुळे ओपनर सुरूही झाला होता. ढोल घुमू लागला, तूस उडाली, कवडसे भरून गेले. गयानं सणाचं नवं लुगडं नेसलं होतं. नव्या कापडाचा पदर कडक, खांद्यावर बसत नव्हता. ती कापूस घालायला वाकली आणि पदर मोटारीकडून ढोलाला जाणाऱ्या पट्ट्यात गेला.

ती ओरडली नाही. तिचा खांदाच एकदम यंत्राकडे गेला आणि तिनं दुसऱ्या हातानं खांब धरला. शेजारच्या बाईनं दोरी ओढली. खिट्टी निघाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. लाकडी हात मात्र जागेवरच. लोहचुंबक तलवारीला चिकटलेला, तलवार फळीला बांधलेली, बांधलेली माझ्या हातांनी. बाईनं दोरी पुन्हा ओढली, ती तुटून तिच्या हातात आली. मी फळीकडे धावलो आणि दोऱ्याच्या गाठी सोडू लागलो. लाल दोरा, बारीक गाठी. मी त्या किती भक्तीनं मारल्या होत्या हे मला तेव्हा कळलं. कापायला कोयता शोधावा तर कोयते मीच उचलायला लावले होते. मागून पट्ट्याचा आवाज जड होत चालला होता.

मिस्त्रीनं मला बाजूला ढकललं. पूजेतला एक मोठा पाना तेवढा खाली राहिला होता, तो त्यानं उचलला आणि एकदा वर बघितलं. मीही बघितलं. कवडशात तूस दाट तरंगत होती. काच फोडली तर पारा सांडून मोटार बंद होणार होती आणि ठिणगी उघड्यावर पडणार होती. गोदाकाठी पडली होती तशीच, आत बाया असताना. ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं पाना मारला.

हिरवट उजेड झाला. त्यानं पाना टाकून दोन्ही तळहात फुटक्या पेटीवर दाबून धरले, आणि त्याच्या बोटांमधून पाऱ्याचे थेंब आणि रक्त एकदमच खाली येऊ लागलं. ढोलाचा आवाज उतरत गेला. कुणी गयाकडे बघत नव्हतं, कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. आम्ही सगळे, काका, पाहुणे, बाया, हवेकडे बघत होतो. झेंडूची एक पाकळी जळल्याचा वास आला... आणि मग काहीच झालं नाही. ते काहीच न होणं मला अजून ऐकू येतं.

गया वाचली. तिचा डावा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. मिस्त्रीचे तळवे भरून आले आणि तो पुन्हा त्या बंद खोलीत जाऊन बसला. आता त्याला प्रत्येक शेडमध्ये दिव्यांसाठीसुद्धा असाच खटका हवा होता, आणि प्रत्येक पेटीला लाकडाचं कुंपण, लोखंड जवळ जाऊ नये म्हणून. याच काळात त्याचे हात कापू लागले. आधी चहाची बशी सांडायची, मग पाना सुटायचा. हिरड्या सुजल्या, तोंडाला लाळ सुटायची. माणूस दिसलं की तो खोलीत शिरायचा. गयाशी बोलतानाही खाली बघायचा. मला वाटलं, भित्रा होताच, वयाबरोबर आणखी झाला. एकदा मी त्याच्या हातात टाळ देऊन म्हटलं, आता भजनाला फुकटचा गडी मिळाला. तो हसला, तेव्हा त्याचे दात हलताना दिसले. मग मी त्याला बीडला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी हात बघितले, तोंड बघितलं, काम काय विचारलं आणि खोलीचं ऐकून लेखणी खाली ठेवली. "पाऱ्याची वाफ आहे ही. हात कापतात ते त्यानं. आणि हा भित्रेपणा वाढलाय म्हणता, तोही त्यानंच. खिडक्या उघडा आणि पारा बंद करा."

"खिडकी उघडली की तूस आत येती, सायेब," मिस्त्री म्हणाला. "आत शेगडी हाय."

"मग काम बंद करा."

परतताना मोटारीत मी विचारलं, आता तरी भीती वाटते का पाऱ्याची. "न्हाई," तो म्हणाला. "त्येच्यावर लोखंड तरंगतं, मालक." सगळ्या जगाला भ्यालेला हा माणूस एकट्या पाऱ्याच्या बाबतीत निर्धास्त होता. मी पाऱ्याची बाटली उचलून घरी नेली. दुसऱ्या दिवशी तो आमच्या ओसरीवर येऊन बसला, दाराजवळ, पाठ भिंतीला. काही मागितलं नाही. रोज यायचा, बसायचा, कापरे हात मांडीखाली दाबून जिनाच्या दिशेला बघायचा. कुठल्या शेडला अजून खटका लागायचा राहिला आहे हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. शेवटी मी बाटली परत दिली. नळीचं तोंड त्याच्यानं लाखेनं बंद होईना, तेव्हा गया नळी धरायची आणि तो लाख सोडायचा. खिडकी मात्र मी स्वतः उघडी ठेवली आणि बाहेर ओलं पोतं लावलं. हे सुचायला मला इतका वेळ लागला.

शेवटचा भेटलो तो मी कापूस खरेदीसाठी पाटोद्याला निघालो त्या दिवशी. बाजेवर पडून होता.

"आज दोरी वडली का?"

"ओढली."

"लोखंड वर आलं?"

"आलं म्हणाली गया."

"तुमी बघितलं न्हाई."

"नाही."

"मग ठीक हाय. तुमी सांगितलं आसतं तर मी इस्वास ठिवला नसता." त्यानं डोळे मिटले. "गया भिती. ती बघती."

राख सावडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी जिन उघडलं. बाया ओपनरच्या शेडमध्ये आल्या आणि कामाला न लागता उभ्या राहिल्या. फळी तिथंच आहे, नव्या नळीसकट. खंडेनवमीला आता तिच्यापुढे फक्त झेंडू असतो आणि लोखंडाऐवजी एक लाकडी पळी. तलवार नारळांकडे परत गेली. गया दोरीपाशी गेली, उजवा हात वर केला आणि मग तो खाली घेऊन माझ्याकडे वळली.

"मालक, आज तुमी वडा."

मी माझ्या अर्ध्या दाढीसकट पुढे झालो. दोरी त्यानं पिळलेली, जागोजाग त्याच्या हातांनी गाठवलेली. ओढण्याआधी मी एकेक गाठ चाचपून बघितली. खिट्टी निघाली, लाकडी हात खाली पडला. मी काचेला नाक लावून बघितलं. पाऱ्यातून लोखंड वर आलं, हळू, आणि कोरडंच. पारा त्याला ओलं करीत नाही. ते वर येऊन जरासं डुललं आणि थांबलं.

"आलं का?" गयानं विचारलं.

"आलं."

"नीट बघा."

मी पुन्हा बघितलं. मग हात वर करून खिट्टी लावली. ढोल घुमू लागला, बाया कामाला लागल्या, आणि कुणी न सांगता मी दाराजवळ गेलो, पाठ भिंतीला लावली आणि वर बघितलं. पत्र्याच्या त्याच भोकातून कवडसा पडला होता. त्यात तूस तरंगत होती. अजून तरी नुसतीच तरंगत होती.